कल्हईला दिलेला टोप

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. निसर्ग वादळाला दोन वर्षं होऊन गेली होती. दिवेआगरकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या पुन्हा दिसायला लागल्या होत्या, पण आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं अजून गुडघ्याच्या वर गेली नव्हती. त्या साली वैशाखी पौर्णिमेला बौद्धवाडीच्या भांड्यांची चावी जयमालाच्या घरी आली.

चावी म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीची. खोलीत होतं काय, तर टोप, पराती, हंडे, झारे, डाव आणि दोनशे माणसांची पंगत उठेल एवढी ताटं-वाट्या. पण तिचं मोल कळायला मागचं ठाऊक हवं. पूर्वी वाडीत लग्न निघालं की गावातून मोठी भांडी कोणी देत नसे, भाड्यानेही नाही. धर्मांतर झालं त्यानंतर पाचव्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला असलेल्या वाडीच्या माणसांनी महिन्याला रुपया-रुपया बाजूला काढला, भांडी घेतली, बोटीने श्रीवर्धनला उतरवली आणि तिथून बैलगाडीने आणली. जयमालाची सासू तेव्हा विशी-पंचविशीची होती. ती सांगायची, "गाडी आली तेव्हा घरात शिजवायला तांदूळ न्हवते गं, पण आम्ही साऱ्या जणी जाऊन त्या टोपांना हात लावून आलो." तेव्हापासून चावी दर वैशाखी पौर्णिमेला एका घरातून दुसऱ्या घरात जाते. कार्य असेल त्याला भांडी मोजून द्यायची, मोजून घ्यायची, चार पैसे भाडं येईल ते विहाराच्या डब्यात टाकायचं.

जयमाला तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. नवरा महिपत बोर्लीच्या शाळेत शिपाई होता. तो गेल्याला तेरा वर्षं झाली होती. बाई टापटिपीची, हिशेबाला चोख आणि जिभेला त्याहून चोख. वर्षावासाचे तीन महिने वाडीत रोज एकेका घरी ग्रंथवाचन होतं, तेव्हा सुरुवातीचं त्रिसरण-पंचशील तिच्या आवाजात व्हायचं. आणि तीन वर्षांपूर्वी, चावी गोदूबाईच्या घरी असताना भांड्यांतला एक पितळी डाव हरवला, तेव्हा भर सभेत उभी राहिली होती तीही हीच.

"आज डाव गेला, उद्या टोप जाईल," ती म्हणाली होती. "चावी घेतली म्हणजे वाडीची अब्रू घेतली. दंड झाला पाहिजे."

गोदूबाई तिची थोरली चुलत जाऊ. सत्तरीला टेकलेली, नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने पदराची गाठ सोडून एक्कावन्न रुपये मोजले आणि एवढंच म्हणाली, "घे. तुझी पाळी आली की बघू." तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. जयमालाही हसली होती.

आता तिच्या घरचं. मुलगा धम्मदीप चांगला ड्रायव्हर. दुसऱ्याच्या गाड्या किती वर्षं चालवायच्या म्हणून त्याने दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सात माणसांची गाडी कर्जावर घेतली. बौद्धवाडीतली ती पहिली चारचाकी. जयमालाने गाडीला झेंडूचा हार घातला, अख्ख्या वाडीला पेढे वाटले. महिन्याभरात टाळेबंदी लागली. जूनमध्ये वादळ आलं, घराचे पत्रे उडाले, गाडीवर नारळ पडून काच गेली. हप्ते थांबले, पण व्याज थांबलं नाही. पत्र्यांसाठी आणखी एक छोटं कर्ज झालं. दोन हजार बावीस उजाडलं तेव्हा महिन्याच्या पाच तारखेला बारा हजार चारशे रुपये काढावे लागत होते आणि जयमालाच्या हातात नवऱ्याचं पेन्शन यायचं नऊ हजार दोनशे. सून मानसी दिवेआगरला एका होमस्टेत खोल्या आवरायला आणि भाकऱ्या भाजायला जायची, तीनशे रुपये रोजावर. धम्मदीपला भाडं मिळालं तर मिळालं.

"आई, विकून टाकू गाडी," तो जुलैत म्हणाला. "बरंचसं कर्ज तरी फिटेल."

"विकून टाकू?" जयमाला भाकरी थापत होती, ती थांबली. "हार घातला त्या गाडीला वाडीसमोर. पेढे खाल्लेत लोकांनी. उद्या दारात गाडी नसली की काय सांगू? खाल्ली म्हणून?"

"लोक काय हप्ते भरणारेत?"

"भरू आपण. मी बघते घरातलं."

आणि तिने घरातलं बघितलं. गॅस फक्त सकाळचा चहा आणि नात दिशाचा डबा एवढ्यापुरता, बाकी सगळं मागच्या चुलीवर, पडलेल्या झावळ्यांवर. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आलं. अंगाचा साबण दोऱ्याने कापून त्याच्या दोन वड्या झाल्या. ताजी मासळी बंद, मग सोडे बंद, मग मूठभर सुक्या जवळ्यात चार बटाटे. घरात तीन कोंबड्या होत्या. दिशाला रोज एक अंडं मिळायचं, ते बंद करून अंडी दहा-दहा रुपयांना होमस्टेवाल्यांकडे जायला लागली. दिशा बारा वर्षांची. तिने दोन दिवस वाट पाहून विचारलं, "आजी, अंडं?"

"कोंबडी रुसलीय," जयमाला म्हणाली. "अंडी घालत नाही हल्ली."

अशी प्रत्येक काटकसरीला एक सबब होती, कारण काटकसर दिसली की कर्ज दिसतं. दूध कमी का घेता, तर डॉक्टरने सांगितलंय. गाडी दोन दिवस दारात का, तर क्लचचं काम निघालंय. मासळीवाली दारावरून रिकामी का जाते, याला तिने फार सोयीची सबब काढली. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, तेव्हा तिने जाहीर करून टाकलं की यंदा तीन महिने आमच्या घरी मासे नाहीत, आम्ही सोडलेत.

"भिक्खुणी झालीस की काय गं?" गोदूबाईने विचारलं.

"मनात आलं, वहिनी."

"बरं हाय बाय. आमच्या मनात नुस्ता बोंबीलच येतो."

बायका हसल्या, पण त्यांच्या नजरेत जयमाला थोडी उंच झाली. तिला ते कळलं. खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही. तिथेच तिने स्वतःला अडवायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये पावसाने भाडी बसली. दोन हप्ते राहिले. फायनान्स कंपनीचा माणूस मोटरसायकलवरून यायचा. पोरगेलासा, वागायला सभ्य. पण बोलायचा असं की शेजारच्या चार घरांना ऐकू जावं.

"मावशी, दहा तारखेपर्यंत निदान एक हप्ता पडला पाहिजे. नाहीतर गाडी उचलावी लागेल. वरून ऑर्डर आहे."

"हळू बोल रे बाबा."

"मी हळूच बोलतोय, मावशी."

घरात चार हजार जमले होते. आठ हजार चारशे कमी पडत होते. त्याच आठवड्यात कोणाच्या तरी बारशाला पराती हव्या होत्या म्हणून जयमाला भांड्यांची खोली उघडायला गेली. पराती मोजून दिल्या आणि कुलूप लावता लावता तिची नजर कोपऱ्यातल्या पितळी टोपावर गेली.

हल्ली स्वयंपाक हलक्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, टोपांत व्हायचा. पितळी टोप वर्षातून एकदा बाहेर निघे, आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपतो तेव्हाच्या खिरीला. त्याच्या पोटावर अक्षरं कोरलेली होती: 'कालकथित महिपत रामा गमरे यांच्या स्मरणार्थ, श्रीमती जयमाला व परिवार'. नवऱ्याच्या फंडाचे पैसे आले तेव्हा तिनेच तो विहाराला दिला होता. ती टोपाजवळ गेली. अक्षरांवरून बोट फिरवलं.

आपलाच तर आहे, तिच्या मनात आलं. नाव आपलं, पैसे आपले. थोडे दिवस घ्यायचा आणि परत आणून ठेवायचा. इथे कोण चोरी म्हणेल?

ज्या बाईने एका डावासाठी म्हातारीकडून एक्कावन्न रुपये घेतले, तिला दान दिलेली वस्तू आपली राहत नाही हे कोणी शिकवायला नको होतं. पण गरजेच्या वेळी माणूस स्वतःचा वकील होतो, आणि तो वकील फी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विनेशची टमटम बोलावली. वाडीतलाच तो. "श्रीवर्धनला जायचंय. टोप कल्हईला द्यायचाय, आतून फार खराब झालाय." विहाराच्या दारात दोघी-तिघी बसल्या होत्या, त्यांच्यासमोरूनच टोप निघाला. एकीने तर हात लावून चढवायला मदत केली आणि म्हणाली, "जयमालाच्या पाळीत भांडी चकचकीत होणार."

श्रीवर्धनला तिने विनेशला बाजाराच्या तोंडाशीच सोडलं आणि हमालाकडून टोप भांड्यांच्या दुकानात नेला. शेठने काट्यावर टोप ठेवला. साडेएकोणीस किलो.

"मोडीचे भाव देईन, बेन. आठ हजार दोनशे."

"मोड नाही हो, चांगला टोप आहे. दोन महिने ठेवा. मी सोडवून नेते."

"बेन, हे गहाणाचं दुकान नाही. मोड आली की मोड." मग त्याने अक्षरं वाचली. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "हे कोण?"

"असेच एक," जयमाला म्हणाली.

पुढे कितीतरी दिवस तिला टोप विकल्याचं एवढं टोचलं नाही, जेवढे हे दोन शब्द टोचले. अठ्ठावीस वर्षं ज्याच्याशी संसार केला, त्याला तिने बाजारात 'असेच एक' म्हटलं होतं.

दोनशे रुपये कमी पडले होते, ते अंड्यांच्या डब्यातून निघाले. हप्ता गेला, गाडी राहिली. त्या संध्याकाळी ग्रंथवाचन विनेशच्या घरी होतं. जयमालाने पंचशील सुरू केलं. दुसरं शील आलं, जे आपल्याला दिलेलं नाही ते मी घेणार नाही. तिथे तिचा आवाज असा बसला की मागच्या बायकांनीच ओळ पुढे नेली.

"घशाला काय झालं?" अनंता गुरुजींनी नंतर विचारलं. निवृत्त शिक्षक, वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष.

"धूर लागतोय चुलीचा," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली, कारण चुलीचंही कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आता तिने काटकसरीतूनही काटकसर काढली. हप्त्याचे पैसे वेगळे आणि टोपाचे वेगळे. चहा गुळाचा झाला. मानसीच्या डब्यातली दुसरी भाकरी कमी झाली. धम्मदीप जेवून उठताना भाकरीच्या टोपलीत डोकावायचा आणि हात धुवायचा. सप्टेंबरच्या वीस तारखेला तीन हजार दोनशे जमले. ते रुमालात बांधून ती एसटीने श्रीवर्धनला गेली, निदान विसार देऊन टोप अडवून ठेवावा म्हणून.

शेठने हात हलवले. "तो तर गेला, बेन. आठवड्यातच गेला. कोणी होमस्टेवाली घेऊन गेली शोभेला. त्यांना जुनं लागतं."

परतीच्या गाडीत जयमाला खिडकीशी बसली होती आणि तिला सारखं वाटत होतं की गाडीतली सगळी माणसं तिच्या रुमालाकडे बघतायत.

चार दिवसांनी मानसी कामावरून आली. पाय धुतले, दिशाला अभ्यासाला बसवलं, धम्मदीप बाहेर गाडी पुसत होता. तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि सासूसमोर खाली बसली.

"आई, बाबा आमच्या होमस्टेत आलेत."

"कोण बाबा?"

"आपले. दारातच बसलेत. पाणी भरलंय त्यांच्यात, वर जास्वंदी तरंगतात. पाहुणे बाजूला उभं राहून फोटो काढतात."

जयमालाच्या हातातली फोडणीची पळी तशीच राहिली. मोहरी करपली, घरभर वास सुटला.

"मालकीणबाईंना दाखवून मी म्हटलं, हे माझ्या सासऱ्यांचं नाव आहे," मानसी म्हणाली. "त्या म्हणाल्या, अय्या, कित्ती छान! मग विकलात का हो? तिथे दोन पाहुणे उभे होते. काय सांगणार? मान खाली घालून उभी राहिले." "हप्त्याचे आठ हजार कुठून आले, मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही भिशी म्हणालात."

"धम्मदीपला सांगू नकोस."

"सांगून काय होणारे? तो गाडीसकट खाडीत जाईल." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आई, पंधरा दिवसांवर पौर्णिमा आली. खिरीला टोप विचारतील."

सुनेसमोर रडायचं नाही असं तिने चौदा वर्षांपूर्वी ठरवलं होतं, तेवढं तिने पाळलं.

वाट मानसीनेच काढली. मालकीणबाईंनी टोपाला चौदा हजार दिले होते, त्यापेक्षा कमी घ्यायला त्या तयार नव्हत्या. पण एक दिवसासाठी द्यायला तयार झाल्या, मानसीचा पंधरा दिवसांचा रोज अडकवून ठेवून. ठरलं असं की टोप सकाळी विनेशच्या टमटममधून आणायचा, 'कल्हईहून आला' म्हणून सगळ्यांसमोर विहारात ठेवायचा आणि शिजवायचं मात्र नेहमीच्या जर्मनच्या टोपात. दुसऱ्या दिवशी परत. पुढचं पुढे. आता विनेशला थोडं सांगणं भाग पडलं. त्याने मान हलवली आणि त्या दिवसापासून तो जयमालाशी बोलताना जमिनीकडे बघायला लागला.

नऊ ऑक्टोबरला पौर्णिमा आली, रविवारी. टोप आला. बाहेरून इतका लखलखत होता की पोरं त्यात तोंडं वाकडी करून बघायला लागली. विहाराच्या मागच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती. तीस लिटर दूध आलेलं, तांदूळ धुतलेले, नारळाचा रस काढलेला, गूळ फोडलेला. बायकांची लगबग. खिरीची मुखत्यारी दरवर्षी गोदूबाईकडे.

"आला गं बाय महिपत भावजींचा टोप!" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "नवरदेवासारखा नटून आलाय. चला, यंदा खीर यातच."

"नको वहिनी, जर्मनच्या टोपात करू," जयमाला पुढे झाली. "जड आहे तो. उतरवताना लागेल कोणाला."

"दरसाल उतरवतो, तवा नाय लागला?"

"आणि नव्या कल्हईचा वास येतो कधीकधी."

"कल्हईचा वास!" गोदूबाई हसली. "साठ वर्षं मी कल्हईच्या भांड्यात शिजवते. ठेव गं पोरी चुलीवर."

दोघींनी टोप उचलला, चुलीवर ठेवला. मानसी खोबऱ्याच्या परातीपाशी होती, तिने वर बघितलं. गोदूबाईला हल्ली डाव्या डोळ्याने कमी दिसायचं. तिने दुधाची पहिली कळशी उचलली, टोपाच्या काठाला टेकवली.

जयमालाने आत पाहिलं. कल्हई चंदेरी असते, राखाडी चंदेरी. आतून टोप पिवळाधमक होता. शोभेसाठी घासून-घासून त्यांनी आतली उरलीसुरली कल्हईसुद्धा काढून टाकली होती. हे पंधरा दिवस तिने शंभर गोष्टींचा विचार केला होता, या एका गोष्टीचा केला नव्हता. उघड्या पितळेत दूध आणि गूळ. कळकणार, विषारी होणार. आणि ती खीर दीडशे माणसं खाणार, पोरं तीन-तीन वाट्या खाणार, दिशा खाणार.

"थांबा!"

तिने कळशी धरली. दूध दोघींच्या अंगावर उडालं.

"अगं, काय झालं काय तुला?"

"कळकेल. कल्हई नाही त्याला."

"तर मग दोन महिने काय कल्हईवाल्याच्या घरी पाहुणचाराला गेलता काय टोप?" कोणीतरी म्हणालं आणि एक-दोघी हसल्या.

अजूनही वाट होती. कल्हईवाल्याने फसवलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. विनेश गप्प बसला असता, मानसी गप्प बसली असती. ते वाक्य जयमालाच्या ओठांवर आलंही. पण समोर दिशा उभी होती, हातात वाटी घेऊन, आणि जयमालाला वाटलं की हे एक खोटं आणखी बोलले तर ते ठेवायला आता या जन्मात जागा उरलेली नाही.

"कल्हईला दिलाच नव्हता," ती म्हणाली. "मी विकला. ऑगस्टात. गाडीच्या हप्त्याला पैसे नव्हते. हा आज एका दिवसापुरता मागून आणलाय."

चुलीतली झावळी तेवढी तडतडत होती. मघाशी हसलेल्या बायकांचे चेहरे तसेच अर्धवट राहिले होते. अनंता गुरुजी विहारातून मागे आले होते, ते दारातच थांबले. धम्मदीप सरपण आणत होता. त्याने मोळी खाली ठेवली आणि आईकडे असं बघितलं की तिने डोळे मिटून घेतले.

गोदूबाईने कळशी हळूच खाली ठेवली. पदराने हात पुसले.

"हप्त्याला पैसे न्हवते," ती म्हणाली. "मग? तुझ्या दारात येतो तो मोटरसायकलवाला, तोच फुडं माझ्या दारात येतो. आमच्या पोराच्या, दीपेशच्या कर्जासाठी. तुला काय वाटलं, पाणी प्यायला येतो?" तिचा आवाज चढला नाही. "कर्जाची लाज न्हाय गं जयमाले. कर्ज कुणाच्या घरी न्हाय? तू येऊन म्हणाली असतीस, वहिनी अडलंय, तर वाडीने पाच-पाचशे काढले असते. माझा माणूस वारला तवा काढले ना, तूच गोळा केलेस. पण तू मासे सोडलेस. आम्ही म्हटलं, बाई धम्माला लागली. मी घरी जाऊन पोरांना सांगायची, बघा, जयमालाकडून शिका."

जयमाला दुधाने भिजलेली पदराची कड पिळत होती.

"माझ्याकडून एक डाव गेला," गोदूबाई म्हणाली. "तो मी विकला न्हवता. हरवला होता." आणि मग ती वळली. "आना गं जर्मनचा टोप. दूध नासंल."

तिने दंडाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

खीर झाली. वाडीने खाल्ली. जयमालाच्या हातातही कोणीतरी वाटी दिली, ती गार होईपर्यंत तिच्या हातात होती. दिशा येऊन शेजारी बसली. पोरीने बराच वेळ विचार केलेला दिसत होता.

"आजी, म्हणजे कोंबडी रुसली नव्हती?"

"नाही गं," जयमाला म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी मंडळाची सभा बसली. कोणी ओरडलं नाही. अनंता गुरुजींनी ठराव वाचला: चावी आजच परत घ्यावी, वैशाखी पौर्णिमेपर्यंत टोप भरून द्यावा, आणि जयमालाच्या घराची चावीची पाळी यापुढे वगळावी. "काही म्हणायचंय का, वहिनी?" त्यांनी विचारलं. ती उठली, कमरेची चावी काढली आणि गोदूबाईसमोर ठेवली. गोदूबाईने ती लगेच उचलली नाही.

पुढे काय झालं ते सांगायचं तर, धम्मदीपने जानेवारीत गाडी विकली. ज्या दिवशी गाडी दारातून गेली, त्या दिवशी वाडीतलं कोणी काही बोललं नाही, आणि ज्या प्रश्नासाठी जयमालाने एवढं केलं तो प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही. उरलेल्या कर्जासाठी तो शाळेच्या बसवर लागला आणि दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर शेवटचा हप्ता भरून आला. आईशी तो पूर्वीसारखाच बोलतो, फक्त पगार आता मानसीच्या हातात देतो.

मानसीने मालकीणबाईंना आपल्या रोजातून महिना दोन हजार कापू दिले आणि दोन हजार तेवीसच्या वैशाखी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी टोप घरी आणला. महाडच्या कल्हईवाल्याकडे नेऊन खरी कल्हईही करून घेतली आणि त्याची पावती विहाराच्या डब्यात टाकली. मागितली कोणी नव्हती. आता ती त्याच होमस्टेत स्वयंपाकाची मुख्य आहे. हप्ते संपल्यावर घरात पहिल्यांदा पापलेट आणलं तेही तिनेच.

दिशा अलिबागला अकरावीला आहे. सुटीत घरी आली की तिच्यासाठी सकाळी अंडं उकडून तयार असतं. ती खाते, पण अर्धं आजीला दिल्याशिवाय खात नाही, आणि जयमालाला ते अर्धं नाही म्हणता येत नाही.

विनेशने टमटम विकून नवी रिक्षा घेतली. कर्जावरच. अनंता गुरुजी मुलाकडे कल्याणला गेले. गोदूबाई दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात वारली. शेवटच्या आठवड्यात जयमाला तिच्या उशाशी बसायची, पेज भरवायची. एकदा म्हातारीने डोळे उघडून विचारलं होतं, "त्या डावाचं काय झालं असंल गं?" जयमाला म्हणाली, "असेल कुठेतरी, वहिनी." दिवसकार्याला दीपेशच्या घरी तिने एक नवा पितळी डाव आणि एक्कावन्न रुपये नेऊन ठेवले. दीपेशला कळलं नाही कशाचे. त्याने विहारात देऊन टाकले.

चावी जयमालाच्या घरी पुन्हा आली नाही. दरवर्षी पाळी तिच्या घरापाशी येते आणि शेजारच्या घरात जाते. पण आश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पितळी टोप घासायला तीच जाते. ज्याच्याकडे चावी असेल तो दार उघडून देतो, आणि आता ते कोणाला वेगळं वाटत नाही. बाहेरून चिंच आणि राख, आतून फक्त मऊ फडकं, कल्हई जपून. घासून झाला की ती टोप कोपऱ्यात ठेवते आणि अक्षरांची बाजू भिंतीकडे करते. दुसऱ्या दिवशी बायका येतात, टोप चुलीवर चढवतात आणि नाव आपसूक पुढे येतं. तेव्हा ती तिथे नसते. पंगत बसेपर्यंत ती पुढच्या दारात पोरांच्या चपला ओळीने लावत असते.